प्रेरणा, साइज बी-24

डोंबिवलीत लेखक किती, हा प्रश्न जनगणनेत विचारत नाहीत, हे सरकारचं शहाणपण आहे. विचारला तर प्रगणकाला घरोघरी बसून एकेक कविता ऐकावी लागेल आणि एक जनगणना संपायच्या आत दुसरीची वेळ येईल. शं. ना. नवरे इथले. 2017 मध्ये 90वं साहित्य संमेलन इथे झालं, त्याआधी 2010 मध्ये ठाण्यात झालं. त्यामुळे ठाण्यापासून कल्याणपर्यंत जो कोणी राहतो, त्याला आपण लिहितो, लिहीत होतो किंवा निवृत्तीनंतर लिहिणार आहोत, असं वाटतच असतं. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 'काय, सध्या नवीन काय?' असं विचारलं, तर तो पिशवीतून कागद काढण्याची शक्यता बरीच आहे.

अडचण अशी की लेखक वाढले, पण प्रेरणास्थानं तेवढीच राहिली. लोकल, लोकलमधली चौथी सीट, पाऊस, गावाकडचं घर, आजीचं लुगडं आणि पुनर्विकासाला गेलेली बिल्डिंग. चौथ्या सीटवर आतापर्यंत इतकं लिहून झालंय की तिथे आता खरोखरच कोणाला बसायला जागा उरलेली नाही. दिवाळी अंकांचे संपादक जून महिन्यात फोन करतात आणि आधीच बजावतात, 'लोकल नको. पाऊसही नको.' मग माणसाने जायचं कुठे?

अशा वेळी आमच्या लेखकांच्या कट्ट्यावर एक सिद्धांत येऊन पोचला. कारागिराला काम करताना पाहिलं की आपली सर्जनशीलता जागी होते, असं कोणीतरी कुठेतरी सांगितलं होतं. कोणी ते विचारायची पद्धत आमच्याकडे नाही. कुंभार बघून झाले होते, विणकरही झाले होते. तेव्हा घोडबंदर रोडला राहणाऱ्या आमच्या एक ठाणेकर सदस्या म्हणाल्या, "तुम्ही काच फुंकणारे पाहिलेच नाहीत? आम्ही मुरानोला पाहिले."

युरोपची सहल करून आलेलं एकही ठाणेकर कुटुंब मुरानो न बघता परत येत नाही. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तोच व्हिडिओ असतो. एक गृहस्थ भट्टीतून तापलेल्या काचेचा गोळा काढतात, चिमट्याने इकडे ओढतात, तिकडे ओढतात आणि बघता बघता मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा तयार होतो. मग सगळे टाळ्या वाजवतात आणि शेजारच्या दुकानात जाऊन किमती बघून गप्प होतात. तरीही एखादी छोटी वस्तू येतेच. ती बबलरॅपमध्ये, मग मोज्यात, मग मोठ्या बॅगेत असा प्रवास करून शोकेसमध्ये बसते आणि पुढे आयुष्यभर कामवाल्या मावशींना तिला हात लावायची बंदी असते.

त्या मुरानोची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. 1291 मध्ये व्हेनिसच्या सरकारने शहरातल्या काचेच्या भट्ट्या उचलून त्या बेटावर नेल्या. घरं लाकडी, भट्ट्या पेटत्या, गाव जळायचं भय. पुढे तर काचेच्या कारागिरांनी परमुलखात जाऊन आपलं कसब वापरायचं नाही, असेही कायदे झाले. आपल्याकडे एमआयडीसी 1 ऑगस्ट 1962 रोजी स्थापन झाली, ठाण्याची वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, आणि मागोमाग डोंबिवली आली. फरक इतकाच की व्हेनिसने भट्ट्या घरांपासून लांब नेल्या. आपण आधी कारखाने लांब नेले आणि मग घरं त्यांच्या मागे मागे नेली.

आणि त्याच एमआयडीसीत काच फुंकणारे बसलेले आहेत, हे आम्हा साहित्यिकांना माहीत नव्हतं. 2020 मध्ये इथला एक रस्ता रसायनांनी चक्क गुलाबी झाला होता. त्याचीही दखल आधी वार्ताहरांनी घेतली, कवींनी नंतर. त्यामुळे एका गाळ्यात पत्र्याच्या दाराआड कोणी काच वितळवतंय हे आम्हाला कळायचं काही कारणच नव्हतं. कळलं ते माझ्या रसायनवाल्या भाच्यामुळे. तो औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे. "मामा, मुरानो कशाला? आमचे कंडेन्सर जिथे दुरुस्त करतो तिथे चल," तो म्हणाला.

इथे जरा व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. रसायनं, रंग, औषधं बनवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळा असते आणि प्रत्येक प्रयोगशाळेत काच असते. गोल बुडाचे फ्लास्क, कंडेन्सर, फनेल, नळ्या. काच आहे म्हणजे ती फुटते. त्यातला साधा माल मोठ्या कंपन्या साच्यातून काढतात, पण एखाद्याला तीन तोंडांऐवजी चार तोंडांचा फ्लास्क हवा असतो, एखाद्याच्या दोन फुटी कंडेन्सरचं फक्त टोक उडालेलं असतं. त्यासाठी यंत्र लावणं परवडत नाही. तिथे माणूस लागतो. मुरानोला काच भट्टीत वितळलेलीच असते आणि ती लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन फुंकतात. आमच्याकडे तयार काचेच्या नळ्या आणायच्या आणि टेबलावरच्या बर्नरवर तापवून, जोडून, फुंकून त्यांचं उपकरण करायचं. धंदा एक, घराणी दोन.

भाच्याबरोबर गाळ्यात शिरलो तेव्हा तिथले काच फुंकणारे काका काम करत होते. त्यांनी मान वर केली नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की ते कोणासाठीच मान वर करत नाहीत, कारण हातातली काच तेवढी सवड देत नाही. समोर बर्नर, त्याला एलपीजी आणि ऑक्सिजनच्या नळ्या. ऑक्सिजन वाढवला की पिवळी, आळसावलेली ज्योत एकदम निळी होऊन टोकदार होते आणि तिचा आवाज फरफर सोडून सूंऽऽ असा लागतो. काका दोन्ही हातांत काचेच्या नळीची दोन टोकं धरून ती फिरवत होते. एकसारखी. मधला भाग लाल झाला, मऊ झाला, म्हणजे आता त्यांच्या हातात खरं तर दोन वेगळ्या नळ्या होत्या आणि मध्ये मधासारखं काहीतरी. तरी दोन्ही हात एकाच गतीने फिरत होते. एक हात जरा पुढे गेला की काचेला पीळ पडतो. फिरवणं थांबलं की ती खाली लोंबते. माझा डावा आणि उजवा हात आयुष्यात कधीही एकमताने वागलेले नाहीत, त्यामुळे मी ताबडतोब प्रभावित झालो.

फुंकण्याबद्दल मात्र माझी निराशा झाली. मला वाटलं होतं, शंख वाजवणाऱ्यासारखे गाल फुगतील, गळ्याच्या शिरा ताठतील. तसं काही नाही. तोंडात एक बारीक रबरी नळी, तिचं दुसरं टोक काचेच्या नळीला, आणि मधूनच एक लहानशी फुंकर. आपल्याला ती कळतही नाही, फक्त काच जराशी फुगलेली दिसते. एकूण कामात फुंकणं नगण्य, बाकी सगळं फिरवणं. नाव मात्र फुंकणाऱ्याचं झालं. साहित्यक्षेत्रात याची मला सवय आहे.

काकांनी मला एक जास्तीचा चष्मा दिला. काच तापली की तिच्यातल्या सोडियममुळे झगझगीत पिवळा प्रकाश पडतो आणि त्या भगभगाटात नेमकं काय चाललंय ते दिसत नाही. या चष्म्याच्या काचेत निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम नावाची दोन मूलद्रव्यं असतात, ती नेमका तेवढाच पिवळा रंग गिळतात. चष्मा घातला आणि सगळा झगमगाट एका क्षणात गायब झाला. उरलं फक्त काम. पुस्तक प्रकाशन समारंभाला जाताना घालायला असा चष्मा कुठे मिळेल, याची मी चौकशी करून ठेवली आहे.

मग मी ज्यासाठी गेलो होतो तो प्रश्न विचारला.

"काका, हे सुचतं कसं?"

"काय?"

"हे. हा आकार."

"ड्रॉइंग येतं पार्टीकडून."

"आणि ड्रॉइंग नसेल तर?"

"मग तुटलेला पीस आणतात. बघून बनवतो."

"नाही, पण तुमचं स्वतःचं असं काही..."

त्यांनी ज्योत जरा बारीक केली. "स्वतःचंच आहे की सगळं. गाळा तेवढा भाड्याचा."

दिवाळी अंकासाठी एवढं पुरणार नव्हतं. मी आणखी खोलात शिरलो. काम करताना मनात काय असतं, विचारलं. "पाच वाजता टेम्पो येतो, ते असतं," ते म्हणाले.

परत येताना भाच्याने विचारलं, मिळाली का प्रेरणा? मी म्हटलं, माणूस फार वरवरचं बोलतो. भाचा हसला. म्हणाला, "मामा, त्यांनी तुझ्याशी बोलता बोलता एका नळीच्या आत दुसरी नळी बसवून आतून जोडली. तू बघितलंस का?" बघितलं होतं, पण कळलं नव्हतं. कंडेन्सर म्हणजे बाहेर एक नळी आणि तिच्या पोटात दुसरी. आतल्या नळीतून वाफ जाते, बाहेरच्या आवरणातून गार पाणी, आणि दोघांची गाठ कुठेही पडता कामा नये. तरी दोन्ही टोकांना दोन्ही नळ्या एकमेकींत विरघळून एक झालेल्या असतात. मी दोन उपकथानकं असलेली कादंबरी बरीच वर्षं लिहितो आहे. त्यातली वाफ आणि पाणी केव्हाच एकत्र झालेलं आहे.

मग कट्ट्यावर मी या भेटीचं वर्णन जरा वाढवून केलं आणि सगळ्यांनाच तिथे जायचं ठरलं. काका नको म्हणत नव्हते, होही म्हणत नव्हते. भाच्याच्या कंपनीचं बिल थकलेलं नव्हतं, एवढ्या पुण्याईवर आम्हाला प्रवेश मिळाला.

महिना मे. डोंबिवलीचा मे ज्यांनी अनुभवलाय त्यांना वर्णनाची गरज नाही आणि ज्यांनी नाही त्यांनी अनुभवू नये. गाळ्याला वर पत्रा, आत बर्नर, आणि भिंतीवर पंखा, तो बंद. आत शिरताच आमच्यातल्या एका ज्येष्ठ कवींनी बटणाकडे हात नेला.

"पंखा नाही," काका म्हणाले.

"बिघडलाय?"

"चांगला आहे. ज्योत हलते."

वाऱ्याची झुळूक आली की ज्योत वाकडी होते, काच एका बाजूने थंड पडते आणि तडकते. त्यामुळे ही मंडळी मे महिन्यात 1000 अंशांच्या वर तापलेल्या ज्योतीसमोर बसून पंखा बंद ठेवतात. इथवर आमच्यातल्या निम्म्यांची प्रेरणा घामावाटे निघून गेली. बाकीचे चिवट होते. त्यांनी वह्या काढल्या.

ज्येष्ठ कवींना अग्नी आणि श्वास दिसला. कथालेखिका बाईंना एकाकी कारागीर दिसला, वास्तविक गाळ्यात आणखी दोन पोरं काम करत होती आणि रेडिओ चालू होता. निवृत्त बँक अधिकाऱ्यांना खेळतं भांडवल किती लागतं ते हवं होतं. काकांनी फक्त त्यांच्याशीच नीट गप्पा मारल्या.

तेवढ्यात ज्येष्ठ कवींनी टेबलावर ठेवलेला एक सुंदर पारदर्शक तुकडा कौतुकाने उचलला आणि त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते त्यांच्या चारही संग्रहांतल्या कशाहूनही अधिक उत्स्फूर्त होतं. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात की गरम काच आणि गार काच दिसायला अगदी सारख्याच असतात. लाली गेल्यावरही ती बराच वेळ शेकडो अंश तापलेली राहते. काकांनी शांतपणे नळाकडे बोट दाखवलं. नळाखाली बोट धरून उभ्या असलेल्या कवींना बघून एक पोरगा म्हणाला, "रोज एकजण धरतो." त्यामुळे कवी अधिकच दुखावले. आपण कोणाच्याही आधी काही केलेलं नाही हे कळलं की कवींना फार लागतं.

पण खरा प्रसंग पुढे होता. तयार झालेला फ्लास्क काकांनी एका पेटीसमोर धरला. या पेटीत दिवा असतो आणि प्रकाशाचं ध्रुवण करणाऱ्या दोन पट्ट्या. त्यांच्या मध्ये काच धरून पाहिली की आत कुठे ताण राहिलाय ते दिसतं. आम्ही वाकून पाहिलं. फ्लास्कच्या गळ्याभोवती जांभळे, निळे, केशरी पट्टे झळकत होते.

"अहाहा!" कथालेखिका म्हणाल्या. "इंद्रधनुष्य!"

"काय रंगसंगती आहे," कोणीतरी म्हणालं. मोबाइल निघाले. एकाने तर 'काकांचा मास्टरपीस' म्हणून तो लगेच ग्रुपवर टाकला.

काकांनी पोराला हाक मारली. "परत भट्टीत घाल. ताण आहे."

म्हणजे आम्हाला जे सौंदर्य वाटत होतं तो दोष होता. काच जोडताना एक भाग लवकर थंड होतो, दुसरा उशिरा, आणि आत ओढाताण साठते. वरून काहीच दिसत नाही. फ्लास्क दोन महिने शेल्फवर शांत बसतो आणि एका सकाळी कोणी हात न लावता तडकतो. म्हणून प्रत्येक नग भट्टीत साडेपाचशे अंशांच्या आसपास नेऊन, तिथे थांबवून, मग सावकाश थंड करतात. चांगला नग पेटीसमोर धरला तर त्यात काहीच रंग दिसत नाहीत. पोराने आम्हाला तसा एक दाखवला. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला आणि एकानेही फोटो काढला नाही.

घोडबंदरच्या बाई इतका वेळ गप्प होत्या. आता त्या म्हणाल्या, "पण काका, तुम्ही कलात्मक काही करत नाही? घोडा? हंस?"

"हंस? उरलेल्या रॉडचा होतो. पोरं शिकताना करतात." त्यांनी एक काचेची कांडी घेतली, ज्योतीत धरली, ओढली, वळवली, चिमट्याने चिमटली, आणि खरोखरच एक हंस झाला. मान वळवलेली, चोच, सगळं. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंना भरून आलं. म्हणाल्या, हेच तुम्ही का करत नाही, आमच्या टॉवरच्या लॉबीत प्रदर्शन लावू.

काकांनी हंस उलटा करून पाहिला. "याला जॉइंट कुठे बसवू? बी-24 की बी-29?"

वाचकांसाठी सांगतो: प्रयोगशाळेच्या काचसामानाची तोंडं ठरावीक मापाची, किंचित निमुळती आणि घासून खरबरीत केलेली असतात. बी-24 म्हणजे रुंद टोकाला साधारण 24 मिलिमीटर. कोणत्याही गावात बनलेला बी-24 फ्लास्क दुसऱ्या गावच्या बी-24 कंडेन्सरमध्ये घट्ट बसतो. ज्याला जॉइंट नाही, जे दुसऱ्या कशात बसत नाही, त्याचं करायचं काय, हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता. मला तो आधुनिक कवितेबद्दल बरेच दिवस पडलेला आहे.

काका ओळखीचे झाल्याचा बोभाटा झाल्यावर आमच्या सोसायटीतून फुटक्या वस्तू यायला लागल्या. मिक्सरचं झाकण, शोकेसमधला मुरानोचा घोडा (मावशींनी हात लावला होता), आणि एका आजोबांनी जपून ठेवलेली कंदिलाची काच. प्रभाकर कंदिलाची. तिला वरपासून तडा गेलेला. मी ती घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, बोटाने टिचकी मारली आणि परत दिली.

"ही साधी काच. माझी बोरो. पत्रिका जुळत नाही."

बोरो म्हणजे बोरोसिलिकेट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना गावात ऑटो शॉट यांनी वाळूत बोरॉनचं ऑक्साइड घालून केलेली काच. ती तापली तरी फारच थोडी फुगते. बाटल्या-बरण्यांची साधी काच तिच्या जवळजवळ तिप्पट फुगते. दोघी गरम असताना प्रेमाने चिकटतात, थंड झाल्या की एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि संसार टिचतो. काकांनी हा निकाल ज्या तटस्थपणे दिला तो बघून त्यांनी वधूवर सूचक मंडळही चालवावं, असं मला वाटलं.

पण त्या कंदिलाच्या काचेमुळे आमच्या कट्ट्यावर बरंच निघालं. 'प्रभाकर' कराडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगले बंधूंनी 1916 मध्ये औंध संस्थानात काचेचा कारखाना काढला आणि कंदिलाला वडिलांचं नाव दिलं. मग महाराष्ट्रभर संध्याकाळी राखेने प्रभाकर पुसण्याचं काम पोरांच्या अंगावर आलं. हात बारीक असल्याने तो कंदिलाच्या काचेत जातो, एवढीच त्या वयातली आमच्या पिढीची पात्रता होती.

त्याच्याही आधीचं तळेगाव दाभाडे. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक कल्पना काढली: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्या पैशातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. टिळकांनी ती उचलून धरली. अमेरिकेत आणि जपानात काचेचं शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळक मंडालेला गेले, पण कारखाना चालू राहिला, आणि तिथे शिकलेले लोक देशभरच्या काचकारखान्यांत पसरले. आमच्या सोसायटीत गळक्या टाकीसाठी वर्गणी गोळा करायला तीन सभा लागतात, हे लक्षात घेता एकेक पैसा मागून काचेची भट्टी पेटवणारे काळे मला संतांच्या पंक्तीतले वाटतात. त्यांच्यावर दिवाळी अंकात कोणी लिहीत नाही. चौथ्या सीटवर लिहितात.

इथे आमचे कल्याणचे सदस्य उठले. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. डोंबिवली आणि ठाण्याचं कौतुक चाललं की ते दोन हजार वर्षं मागे जातात, कारण तिथे डोंबिवली पोचू शकत नाही. त्यांनी सांगितलं की पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' नावाच्या वहीत कल्याणचं नाव आहे. भडोचच्या बंदरात परदेशातून येणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काचही आहे. म्हणजे बाहेरची काच फोडून, वितळवून आपल्याकडे वस्तू होत असणार, हा त्यांचा तर्क.

"मग ती काच कल्याणला का नाही आली?" डोंबिवलीकरांनी विचारलं.

सरांचा चेहरा पडला. कारण त्याच वहीत लिहिलंय की कल्याण पूर्वी राजमान्य बंदर होतं, पण नंतर सत्ता बदलली आणि तेव्हापासून चुकून कल्याणला लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात घालून भडोचला नेली जात. "म्हणजे तेव्हाही कल्याणला निघालेला माणूस वेळेवर कल्याणला पोचत नव्हता," ठाणेकर बाई म्हणाल्या. सभा तिथेच संपली.

या सगळ्यातून मला काय मिळालं, असं संपादकांनी विचारलं. तर काकांकडे पाहताना मला एक इंग्रज आठवले. 1897 मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला, तो काचेच्या निर्वात नळ्यांत. त्या नळ्या फुंकून देत होते त्यांचे मदतनीस एबेनेझर एव्हरेट. थॉमसन बुद्धीने अफाट आणि हाताने इतके वेंधळे की ते उपकरणाजवळ आले की एव्हरेटना धडकी भरे, आणि ते शक्यतो साहेबांना काचेला हात लावू देत नसत. पुढे मँचेस्टरला रुदरफर्ड यांनाही असाच माणूस लाभला, ओटो बाउमबाख. त्यांनी इतक्या पातळ भिंतीची नळी फुंकली की तिच्यातून अल्फा कण बाहेर पडत, पण आतला वायू बाहेर जात नसे. त्या नळीच्या जोरावर अल्फा कण म्हणजे हेलियम हे सिद्ध झालं. नोबेल पारितोषिकं साहेबांकडे आहेत. एव्हरेट आणि बाउमबाख यांना प्रेरणा कुठून मिळते, हे तेव्हाही कोणी विचारलं नसावं, आणि म्हणूनच त्यांची कामं वेळेवर झाली.

दिवाळीत आमच्या कट्ट्याचं साहित्य ठिकठिकाणी छापून आलं. ज्येष्ठ कवींची 'अग्निश्वास', कथालेखिकांची 'पारदर्शी', ज्यात काका विधुर आहेत. (काकू अगदी ठणठणीत आहेत. डबा त्याच आणतात.) बँकवाल्यांनी लघुउद्योगांच्या पतपुरवठ्यावर लिहिलं, आणि तो एकच लेख काकांनी पूर्ण वाचला. मी कादंबरीतलं एक उपकथानक काढून टाकलं. आता वाफ आहे, पाणी नाही; पण निदान गळत नाही.

काकांबद्दल मला एकाच गोष्टीचा मनापासून हेवा वाटतो. कंडेन्सर तयार झाला की ते त्यात पाणी सोडतात आणि कुठे गळतंय का पाहतात. अर्ध्या मिनिटात निकाल. समीक्षक नाही, पुरस्कार समिती नाही, फोनवरून 'छान झालंय हं' नाही. लेखात असं पाणी घालून बघता येत नाही. कारण ते आधीच घातलेलं असतं.

तुम्हाला जायचं असेल तर अवश्य जा. वागळे इस्टेटपासून अंबरनाथपर्यंत, जिथे रसायनं आहेत तिथे आसपास काच दुरुस्त करणारा कोणी ना कोणी सापडतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. जाताना पायात बंद चप्पल किंवा बूट असू द्या, टेबलावरचं काहीही उचलू नका, आणि हातात खरोखर फुटलेलं, बोरोचं, जोडण्यासारखं काहीतरी घेऊन जा. नुसतं बघायला आलो म्हणालात तर पाच वाजताचा टेम्पो आड येतो. पैसे आधी ठरवा, प्रेरणेबद्दल विचारू नका, आणि काहीही झालं तरी पंखा लावा म्हणू नका.